एक तोंड, हजार भानगडी

उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की हाजी अलीच्या नाहीतर कार्टर रोडच्या खडकांवरून पाणी लांब हटतं आणि खळग्यांत छोटी छोटी डबकी मागे राहतात. त्यातल्या एखाद्यात जरा वाकून बघा. नशीब असेल तर तळाशी रुपयाच्या नाण्याएवढं फूल उमललेलं दिसेल, पाकळ्या पाण्याबरोबर मस्त डुलताहेत. फूल दिसलं की माणसाचं बोट पुढे जातंच. बोट लागतं आणि दोन गोष्टी एका दमात घडतात. पाकातल्या जिलबीला हात लागावा तशा पाकळ्या बोटाला चिकटतात, आणि पुढच्या क्षणी फूल गायब. जागेवर उरतो एक बुळबुळीत, वाळूनं माखलेला गोळा. त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही.

तो चिकटपणा पाकाचा नाही. तुमच्यावर हल्ला झालाय. त्या ‘पाकळ्यां’नी असंख्य बारीक धागे तुमच्या कातडीत रुतवलेत. बोटाची कातडी जाड, म्हणून तुम्हाला कळलं नाही इतकंच. त्या जागी कोळंबीचं पोर असतं तर एव्हाना जेवणाची वेळ झाली असती, अर्थात त्या पोराच्या नव्हे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा प्राणी एका ओळीत येऊन जातो: सी-ॲनिमोन, कंसात समुद्रफूल. हायड्रा, जेलीफिश आणि प्रवाळांच्या यादीत दाटीवाटीनं बसलेला, परीक्षेत दोन मार्कांचा. जगात याच्या हजाराहून जास्त जाती आहेत. एवढ्या मोठ्या खटल्याला एक ओळ म्हणजे अन्यायच.

नावात काय आहे? बटवा आहे!

बारसं करताना बहुतेकांची नजर पाकळ्यांवरच गेली. इंग्रजांनी त्यांच्या बागेतल्या ॲनिमोन नावाच्या फुलावरून नाव उचललं, आपण सरळ समुद्रफूल म्हणून मोकळे झालो. ग्रीकांचं लक्ष मात्र आगीकडे गेलं. अंगाला लागली की खाज सुटते अशी आपल्याकडे खाजकोलती असते ना, तसल्याच वनस्पतीला ग्रीक भाषेत ‘क्निडे’ म्हणत. त्यावरूनच ॲनिमोन, जेलीफिश आणि प्रवाळांच्या अख्ख्या कुळाला निडारिया हे नाव मिळालं.

पण पैकीच्या पैकी मार्क जपान्यांना. ते म्हणतात ‘इसोगिनचाकू’, म्हणजे किनाऱ्यावरचा बटवा. आजीच्या कनवटीला असायचा तो पान-सुपारीचा, नाडी ओढली की तोंड मिटणारा. डबक्यातलं फूल मिटतं ते अगदी तसंच, आणि ही नुसती उपमा नाही. बऱ्याच जातींत देहाच्या वरच्या कडेला गोल फिरणारा खराखुरा स्नायू असतो. तो आवळला की शुंडकं आत आणि तोंड बंद. (पाकळ्या म्हणजे शुंडकं, हे एकदा सांगून टाकतो. फुलाचा मोह सुटायला वेळ लागतो.) आपल्याकडे बटव्याचं एवढं कौतुक असून आपण फुलावरच थांबलो, याचं मला वाईट वाटतं.

या बटव्याला दार एकच. मागचं दार नाही, खिडकी नाही. जेवण तिथूनच आत, खरकटं तिथूनच बाहेर. अंडी आणि शुक्राणूही त्याच दारानं निघतात. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, हाडं तर नाहीतच. मग उभा कशावर राहतो? पाण्यावर. तोंडाच्या कडेला बारीक केसांची पन्हळ असते. तिच्यातून पाणी आत घेत घेत तो स्वतःला फुग्यासारखा ताठ करतो. धोका दिसला की सगळं पाणी भसकन बाहेर आणि गोळा तयार. पुन्हा भरायला मात्र वेळ लागतो. तुमच्या एका बोटापायी त्याचा जेवणाचा अर्धा वेळ वाया जातो, तेव्हा बघा, पण बोट खिशात ठेवा. ओहोटीला उघडे पडलेले बटवेही मिटूनच असतात. पोटातलं पाणी हीच त्यांची पुढच्या भरतीपर्यंतची शिदोरी. काही जाती तर अंगावरच्या चिकट गाठींना शंखशिंपल्यांचे तुकडे आणि वाळू लावून घेतात. उन्हात डोक्यावरून पदर घ्यावा तशी.

कुकरच्या दीडशे शिट्ट्या

आता शस्त्रागार. शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळी करून ठेवलेला पोकळ धागा, आणि कुपीच्या तोंडाशी चाप. चाप ओढला गेला की धागा उलटा होत बाहेर फेकला जातो, मोजा आतून बाहेर काढावा तसा. भक्ष्यात घुसतो, विष सोडतो.

वेग किती? २००६ साली जर्मन शास्त्रज्ञांनी हायड्रावर मोजमाप केलं. हायड्रा हा याच कुळातला गोड्या पाण्यातला भाऊबंद. फुटण्याचा सगळ्यात वेगवान टप्पा ७०० नॅनोसेकंदांत आटोपतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात. त्या क्षणी टोकाला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० लाख पटींच्याही वर. कुपीच्या आतला दाब सुमारे १५० बार. घरचा कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब झाला की शिटी मारतो, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात वेगवान हालचालींत ही गणली जाते, आणि करणाऱ्याला डोकं नाही.

काडतूस एकदाच वापरायचं. उडालेली पेशी संपली, तिच्या जागी नवी घडवावी लागते. खर्चिक काम, त्यामुळे उधळपट्टी परवडत नाही. नुसता धक्का लागण्यापेक्षा धक्क्याबरोबर अन्नाचा वासही आला तर चाप जास्त हलका होतो. काही जाती याशिवाय पोटात लांबलचक धागे राखून असतात, दंशपेशींनी खच्चून भरलेले. फारच छळ झाला की ते धागे तोंडातून आणि अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर सोडतात. आपल्यासारख्यांच्या भाषेत, पोटातलं सगळं बाहेर काढणं.

पक्षी खाल्ला. हो, पक्षीच.

रोजचा मेनू साधा: पाण्यातले सूक्ष्म जीव, कोळंबी, खेकड्यांची पिल्लं, छोटे मासे, लाटेनं खडकावरून सुटून आलेला शिंपला. शिंपला गिळायचा, मांस पचवायचं, रिकामी कवचं त्याच दारानं बाहेर थुंकायची. आपण तिसऱ्या खातो तशाच, फक्त ताट नाही.

पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जायंट ग्रीन ॲनिमोन नावाचा एक हिरवागार थोराड गडी आहे. ओरेगनच्या किनाऱ्यावर तो पाणकावळ्याचं पिल्लू गिळताना सापडला. पिल्लाचे दोन पाय तोंडातून बाहेर, बाकी सगळं बटव्यात. वरच्या कड्यावरच्या घरट्यातून पिल्लू बहुधा खाली पडलं आणि थेट वाढलेल्या ताटात आलं. २०१४ साली त्यावर रीतसर शोधनिबंध छापून आला. या हिरव्या गड्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हावर साखर बनवून मालकाला देतं. घरात शेती आणि वरून शिकार. तरीही हावरटपणा सुटत नाही.

याहून मजेदार प्रकार अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातला. तिथल्या धक्क्यांवर पांढऱ्या झुपक्यांचा मोठा ॲनिमोन वाढतो. त्याच्या पोटात काय आहे ते शास्त्रज्ञांनी डीएनएवरून तपासलं, तर खेकड्यांच्या पिल्लांच्या जोडीला निघाल्या मुंग्या! जमिनीवरच्या, साध्या मुंग्या. ठरावीक दिवसांत पंखवाल्या मुंग्यांचे थवे उडतात, वाऱ्यानं पाण्यात पडतात आणि खाली पंगत बसलेलीच असते. पहिल्या पावसात आपल्या ट्यूबलाइटभोवती जमणारे पंखवाले किडे आठवा. तिथे पाल असते, इथे ॲनिमोन.

आणि जेवणाचा हिशोब अंगावर दिसतो, हे तर अफाटच. खाजणातल्या चिखलात रुतून राहणारा नेमॅटोस्टेला नावाचा छोटासा ॲनिमोन प्रयोगशाळांचा लाडका. २०२० साली संशोधकांनी दाखवलं, की त्याला किती शुंडकं फुटतील हे खाण्यावर ठरतं. पोटभर मिळालं की नवीन हात फुटतो, उपास पडला की थांबतो. लग्नाच्या पंगतीत आग्रहाचा एकेक लाडू म्हणजे एकेक हात, असं आपलं झालं असतं तर?

बांधावरून भांडण

फुलं भांडत नाहीत असं वाटत असेल तर कॅलिफोर्नियाच्या खडकांवर या. तिथला एक ॲनिमोन मधोमध चिरून स्वतःचे दोन करतो. दोनाचे चार, चाराचे आठ. सगळे एकाच रक्ताचे, तंतोतंत सारखे. असं करता करता अख्खा खडक एका घराण्यानं व्यापला जातो. शेजारच्या खडकाच्या तुकड्यावर दुसरं घराणं. दोघांच्या मधोमध मात्र एक उघडी पट्टी राहते. तिथे कुणीच बसत नाही. लिस्बेथ फ्रान्सिस या संशोधिकेनं १९७३ च्या सुमारास या पट्टीचं कोडं सोडवलं: हा बांध आहे, आणि बांधावर मारामारी चालते. आपल्याकडे बांध कोरल्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथे थेट हातघाई.

शस्त्र वेगळं. शुंडकांच्या खाली, गळ्याशी मण्यांची पोत असते. या मण्यांत शिकारीच्या नव्हे, खास भाऊबंदकीच्या दंशपेशी भरलेल्या. परक्या घराण्याचा स्पर्श झाला की मणी फुगतात, ॲनिमोन उंच होतो, वाकतो आणि मणी शेजाऱ्याच्या अंगावर दाबतो. मण्याची साल शेजाऱ्याला चिकटून राहते आणि जिथे चिकटली तिथलं मांस मरतं. शेजारी आक्रसतो, सरकतो. आपल्याच घराण्याचा कुणी चिकटून बसला असेल तर मात्र मणी हलत नाहीत. रक्ताची ओळख पटवायला मेंदू लागतो कुठे?

यातही श्रमविभागणी आहे. सीमेवरचे ॲनिमोन अंगापेराने लहान, पण मणी जास्त आणि मोठे. आतल्या भागात सुरक्षित बसलेल्यांचा भर प्रजननावर. एकाच रक्ताचे सगळे, तरी कुणी सैनिक झालं, कुणी घरी राहिलं. युरोपच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या त्यांच्या लाल नातेवाइकाच्या गळ्यात हेच मणी गडद निळे असतात. इतके देखणे की त्याचं इंग्रजी नावच मण्यांवरून पडलं. दागिना दिसतो, पण आहे तलवार.

पळ काढायचीही सोय आहे. एरवी ॲनिमोनचा तळवा खडकाला घट्ट, चालला तरी तासाला काही सेंटिमीटर. पण स्टॉम्फिया नावाच्या एका जातीला ठरावीक तारामाशाचा स्पर्श झाला, की ती खडक सोडते आणि कमरेतून डावी-उजवी वाकत चक्क पोहत सुटते. बघायला अत्यंत बेढब प्रकार. नाचता येत नसताना वरातीत ओढलेल्या काकांची आठवण होते. पण जीव वाचतो.

चोर, वास आणि भाडेकरू

याला खाणारेही आहेत. अंगावर मऊ केसांचा गालिचा असलेली एक समुद्री गोगलगाय ॲनिमोन कुरतडते आणि त्याच्या न फुटलेल्या दंशपेशी पचवतच नाही. त्या पोटातून पाठीवरच्या केसांच्या टोकांपर्यंत पोहोचवते आणि स्वतःच्या रक्षणासाठी वापरते. चोरीचा माल, तोही भरलेल्या बंदुकीसकट. पण ॲनिमोननंही यावर एक तोड काढलीय. जखमी झालेला ॲनिमोन पाण्यात एक रसायन सोडतो. त्याचा वास लागला की शेजारपाजारचे पटापट मिटतात. हे रसायन गोगलगायीच्या मांसात काही दिवस मुरून राहतं. त्यामुळे ती पुढच्या घरी पोहोचण्याआधी तिच्या अंगाचा वास पोहोचतो, आणि बटवे मिटलेले. सुकट खाऊन लिफ्टमध्ये शिरणाऱ्यालाच ही अडचण नीट कळेल.

क्लाउनफिशबद्दल मी लांबण लावणार नाही. ‘फाइंडिंग निमो’ २००३ साली आला आणि त्या नारिंगी-पांढऱ्या माशानं सगळा प्रकाशझोत खाल्ला. दोनच गोष्टी सांगतो. हजारावर जातींपैकी फक्त दहाच जाती या माशाला घरात घेतात, आपल्याकडे हे बघायचं तर लक्षद्वीप किंवा अंदमान गाठावं. आणि घरातली मादी मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. चित्रपटात आई सुरुवातीलाच मरते. पुढे काय व्हायला हवं होतं ते निर्मात्यांनी शहाणपणानं टाळलं.

माशाला डंख का लागत नाही? उत्तर त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात. त्यात सियालिक आम्ल नावाची साखर अगदी कमी असते, आणि दंशपेशी चेततात त्या या साखरेच्या खुणेनं, असं मानलं जातं. मासा भाडंही चोख भरतो. त्याच्या विष्ठेवर ॲनिमोनच्या अंगातलं शैवाल पोसतं, फुलपाखरू मासे ॲनिमोन खायला आले तर तो अंगावर धावून जातो.

मला खरा भारी वाटतो तो बॉक्सर खेकडा. नखाएवढा प्राणी, हिंदी आणि प्रशांत महासागरात राहणारा. दोन्ही नांग्यांत एकेक इवलासा ॲनिमोन धरून फिरतो आणि कुणी जवळ आलं की ठोसे मारल्यासारखे नाचवतो. इस्रायलच्या संशोधकांनी त्याच्या एका नांगीतला ॲनिमोन काढून घेतला. खेकड्यानं काय करावं? उरलेला हातात घेऊन ताणून ताणून त्याचे दोन तुकडे केले! दोन्ही तुकडे काही दिवसांत पुन्हा पूर्ण झाले. आणि दुसऱ्या खेकड्याकडे दोन आहेत आणि आपल्याकडे एकही नाही असं झालं, तर मारामारी करून एखादा तुकडा हिसकावतो. वर ॲनिमोन फार वाढू नये म्हणून त्याचं खाणंही तोच कमी ठेवतो, कुंडीतल्या बोन्सायसारखं. समुद्रफूल इथे पाळीव आहे, आणि मालक कंजूस.

शंखात राहणारे खेकडेही याला पाठीवर बसवून घेतात, म्हणजे ऑक्टोपस हात लावायच्या आधी विचार करतो. घर बदलताना खेकडा ॲनिमोनला हळूहळू थोपटतो, गोंजारतो. तोही पकड सोडतो आणि नव्या शंखावर जाऊन बसतो. खोल समुद्रातल्या एका जातीनं तर शंख बदलायची कटकटच संपवली. खेकडा वाढतो तसतसं ती स्वतःच्या स्रावानं त्याच्या शंखाची कड वाढवत जाते, सोनेरी झाक असलेलं कागदी कवच. ते इतकं शंखासारखं की १९०३ साली विल्यम डॉल या नामवंत शंखतज्ज्ञानं त्याला नव्या गोगलगायीचा शंख समजून नाव देऊन टाकलं. मुंबईकरांनी तरी या खेकड्याचा हेवा करावा. कुटुंब वाढलं की घर आपोआप वाढतं, बिल्डरच्या पाया पडावं लागत नाही.

डोक्याशिवाय शहाणे

मेंदू नाही म्हणून ढ समजू नका. २०२३ साली स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर विद्यापीठात नेमॅटोस्टेलाला शिकवणी लावली गेली. दिव्याचा झोत आणि त्याच क्षणी हलकासा विजेचा झटका, असं अनेकदा. नंतर नुसता दिवा लावला, झटका दिला नाही. तरी बरेच ॲनिमोन आक्रसले. ज्यांना दिवा आणि झटका वेगवेगळ्या वेळी दिला होता, त्यांनी असं कमी केलं. म्हणजे दोन गोष्टींची सांगड डोक्याविना घातली जाते, अंगभर पसरलेल्या चेतापेशींच्या जाळ्यावर. याच नेमॅटोस्टेलाचा जनुकसंच २००७ साली वाचला गेला, तेव्हा त्यातली काही मांडणी फळमाशीपेक्षा माणसाशी जास्त जुळणारी निघाली. लांबचे का होईना, पाहुणे आहेत.

आजीबाई

१८२८ साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून सर जॉन ग्रॅहम डॅलियल यांनी एक लाल ॲनिमोन उचलला आणि घरी आणून काचेच्या बरणीत ठेवला. पेशवाई बुडून तेव्हा दहा वर्षं झाली होती. बरणीतलं समुद्राचं पाणी बदलायचं, अधूनमधून शिंपल्याच्या मांसाचा तुकडा भरवायचा, एवढीच उस्तवार. पोरं होत राहिली, आणि तीही तोंडातून! ही जात पिल्लं पोटातच वाढवते आणि तयार झाली की एकेक करून थुंकते. शेकडो झाली. कौतुकानं लोक तिला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले.

१८५१ साली डॅलियल वारले. आजीबाई ठणठणीत. मग ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी वारसाहक्कानं जात राहिली. एकेक सांभाळणारा म्हातारा झाला, कुणी गेला, बरणी मात्र पुढे सरकली आणि शेवटी एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात स्थिरावली. वनस्पती उद्यानात एक प्राणी, केवळ फुलासारखा दिसतो म्हणून असेल कदाचित. तिला बघायला माणसं येत. इकडे बोरीबंदरवरून आगगाडी सुटली, ‘केसरी’ सुरू झाला, मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, आणि तिकडे आजी उमलत-मिटत होती. ४ ऑगस्ट १८८७ रोजी ती वारली. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. एका बटव्यासाठी!

बरणीत राहून ५९ वर्षं, आणि समुद्रातली आधीची निराळी. प्रयोगशाळांतल्या ॲनिमोनांमध्येही वयाबरोबर झिजण्याच्या खुणा शोधून सापडत नाहीत. तुकडा तोडला तर भरून येतो, कित्येक जातींत तर सरकताना मागे राहिलेल्या तळव्याच्या चिंधीतूनही नवा प्राणी उभा राहतो. घरी समुद्री मत्स्यपेटी ठेवणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असतं. काचेवरचा एक नकोसा ॲनिमोन खरवडून काढावा, तर पंधरा दिवसांनी त्याची आठ पोरं हजर.

आजीच्याच काळात इंग्लंडला या प्राण्याचं वेड लागलं होतं. फिलिप हेन्री गॉस यांनी त्यांच्यावर रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं, घरोघरी काचेच्या पेट्या आल्या आणि हौशी मंडळींनी किनारे ओरबाडले. जर्मनीतल्या लिओपोल्ड ब्लाश्का या काचकारागिरानं १८६३ साली ड्रेस्डेनच्या संग्रहालयासाठी गॉस यांच्या चित्रांवरून काचेचे ॲनिमोन घडवले. प्राणी मेला की रंग उडतो, मऊ देह चिंधी होतो, म्हणून काच. पुढे याच ब्लाश्कांनी, लेकासह, हार्वर्ड विद्यापीठाला काचेची खरीखुरी फुलं करून दिली. नकली फुलांवरही हात बसला, असलीवरही.

उलटे आणि आपले

२०१० साली अंटार्क्टिकात रॉस हिमकवचाला भोक पाडून एक यंत्रमानव खाली सोडला. त्याच्या कॅमेऱ्यात बर्फाच्या छतातून खाली लोंबकळणारी असंख्य पांढरी शुंडकं दिसली. देह बर्फात, तोंड खाली. २०१३ साली त्यांना एडवर्डसिएला अँड्रिली हे नाव मिळालं. उलट्या ॲनिमोननं एकदा शास्त्रज्ञांनाही चकवलंय. अमेरिकेत इलिनॉयमध्ये ३१ कोटी वर्षांपूर्वीचे ठसे ढिगांनी सापडत, ते जेलीफिशचे म्हणून नोंदले गेले होते. २०२३ साली एका चमूनं जीवाश्म सरळ उलटा धरून पाहिला. निघाला ॲनिमोन! फोटो उलटा टांगलेला होता इतकंच. खोली म्हणाल तर १९५१ मध्ये डेन्मार्कच्या ‘गॅलाथिया’ जहाजानं फिलिपाइन्सजवळच्या गर्तेत १० हजार मीटरहून खाली जाळं टाकलं, तेव्हा तिथूनही हे महाशय वर आले.

इतक्या लांब कशाला जा, गोव्यातलं हणजूण आहे. पर्यटकांनी गजबजलेल्या त्या किनाऱ्याच्या नावानं एक ॲनिमोन आहे, अँथोप्ल्यूरा अंजुणे. १९९३ साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲनिमोनांचा अभ्यास करताना त्याची नोंद झाली. शॅकमध्ये बसून समुद्राकडे बघणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? मुंबईत तर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जातात आणि अशी भांडारं दाखवतात. चपला घसरट नकोत, एवढी एकच तयारी.

औषधाच्या दुकानातही हा प्राणी डोकावू पाहतोय. कॅरिबियनमधल्या एका ॲनिमोनच्या विषात अवघ्या ३५ अमिनो आम्लांचा एक रेणू सापडला. शरीराविरुद्ध उलटलेल्या पांढऱ्या पेशींना तो आवर घालतो. त्यावर बेतलेल्या औषधाची सोरायसिसच्या काही रुग्णांवर चाचणीही झाली.

आणि शेवटी, ताटात

इतका वेळ तो सगळ्यांना खात होता. आता आपली पाळी. दक्षिण स्पेनमध्ये कादिसच्या बाजूला ॲनिमोन पिठात घोळवून कुरकुरीत तळतात. बाहेरून भजी, आतून समुद्राचा मऊ, खारट घास. नाव ‘ओर्तिगीयास’, म्हणजे छोट्या खाजकोलत्या. गरम तेलात दंशपेशींचं काही चालत नाही.

जपानच्या आरिआके समुद्राकाठीही चिखलातला ॲनिमोन मिसोच्या रश्श्यात शिजवून आवडीनं खातात. कर्रम-कुर्रम लागतो म्हणे. बटवा हे सुरेख नाव ज्या देशानं दिलं, त्याच देशातल्या या कोपऱ्यात पदार्थाला मात्र ‘वाके नो शिन नो सू’ म्हणतात. मिटलेल्या गोळ्याकडे वरून पाहिलं की नाव का पडलं ते लगेच कळतं. त्याचा मराठी अर्थ आहे, तरण्याबांड पोराचं गुदद्वार. पाहुण्यांना वाढायचं असेल तर अर्थ जेवण झाल्यावर सांगावा.